गुळगुळीत विश्वातले बारीक क्षोभ

आकाशाच्या कोणत्याही दिशेने सूक्ष्मलहरींच्या पट्ट्यात पाहिले, तर एक मंद, सर्वत्र सारखे प्रारण सापडते. अर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी १९६५ साली ते जाहीर केले. त्याचे तापमान २.७२५ केल्विन आहे. ते निघाले तेव्हा विश्वाचे वय सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे होते, आज ते १३.८ अब्ज वर्षे आहे. सूर्यमालेच्या स्वतःच्या गतीमुळे पडणारा फरक वजा केला, की या तापमानात दिशेनुसार उरणारा फरक लाखात एका भागाच्या आसपास असतो. तो पहिल्यांदा दिसला १९९२ मध्ये, कोबी उपग्रहाच्या मोजणीत.

आता आजचे विश्व पाहा. सूर्याच्या परिसरातली पदार्थाची घनता विश्वाच्या सरासरी घनतेच्या लाखोपट आहे, आणि दीर्घिकांच्या समूहांमधल्या काही पोकळ्या जवळजवळ रिकाम्या आहेत. लाखात एक एवढ्या फरकापासून इथपर्यंतचा प्रवास कसा झाला, हे ज्या गणिताने समजते त्याला क्षोभ सिद्धांत म्हणतात. क्षोभ म्हणजे सरासरी स्थितीपासूनचे लहान विचलन. विश्व आधी पूर्णपणे एकसारखे आहे असे मानायचे, मग त्यावर बारीक क्षोभ ठेवायचे, आणि ते काळाबरोबर कसे वाढतात किंवा विरतात ते पाहायचे. पद्धत ऐकायला सरळ वाटते. तिचा इतिहास मात्र एका मूलभूत प्रश्नाभोवती फिरतो: विचलन मोजायचे, पण कशापासून? माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

जीन्सचे गणित आणि त्यातली फट

सुरुवात १९०२ मध्ये होते. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स जीन्स यांनी वायूच्या मेघाची स्थिरता तपासली. वायूत एखाद्या ठिकाणी घनता किंचित वाढली, तर दोन गोष्टी घडतात. जास्तीचे वस्तुमान आजूबाजूचा वायू ओढू लागते आणि वाढलेला दाब त्याला बाहेर ढकलू लागतो. दाबाची बातमी ध्वनीच्या वेगाने पसरते. भाग लहान असेल तर ही बातमी वेळेवर पोहोचते, दाब जिंकतो आणि क्षोभ ध्वनिलहरीसारखा मागेपुढे हलत राहतो. भाग पुरेसा मोठा असेल तर दाब पोहोचण्याआधीच गुरुत्वाकर्षण आपले काम उरकते आणि पदार्थ कोसळू लागतो. या दोहोंच्या सीमेवरच्या अंतराला आजही जीन्स लांबी म्हणतात.

जीन्स यांच्या उत्तरात क्षोभ घातांकी पद्धतीने वाढतो. ठरावीक काळात तो दुप्पट, तेवढ्याच काळात पुन्हा दुप्पट, असा. अशा वाढीला सुरुवातीचा क्षोभ कितीही लहान असला तरी चालतो.

पण या मांडणीत एक फट होती. जीन्स यांनी वायू अनंत पसरलेला, एकसारखा आणि स्थिर मानला होता. न्यूटनच्या नियमांत असा वायू स्थिर राहूच शकत नाही, कारण सर्वत्र घनता असेल तर गुरुत्वही असणार. जीन्स यांनी मूळ घनतेचे गुरुत्व बाजूला ठेवले आणि फक्त विचलनाचे गुरुत्व हिशेबात धरले. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी याला आजही ‘जीन्सची लबाडी’ म्हणतात. गंमत अशी की विश्व प्रसरण पावते हे मान्य केले की ही फट आपोआप बुजते. मूळ एकसारखे विश्व तेव्हा स्थिर नसते, त्याच्या प्रसरणाचा वेग त्याच्याच घनतेने कमी होत असतो, आणि समीकरणांचा मेळ बसतो. अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आणि जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतून असे प्रसरणशील विश्व काढून दाखवले होते.

प्रसरणामुळे वाढ मंदावते

आपण ज्याचा पाठपुरावा करणार आहोत ती राशी अशी: एखाद्या जागेची घनता उणे सरासरी घनता, भागिले सरासरी घनता. तिला डेल्टा म्हणतात. डेल्टा ०.०१ म्हणजे तिथे सरासरीपेक्षा एक टक्का जास्त पदार्थ.

डेल्टाचे समीकरण एका ओळीत मावते. डाव्या बाजूला डेल्टाचे त्वरण, त्यात मिळवायचा प्रसरणाच्या दराच्या दुप्पट गुणिले डेल्टाचा बदलण्याचा वेग. उजव्या बाजूला गुरुत्वाकर्षणाची ओढ, त्यातून वजा दाबाचा विरोध. डावीकडचे दुसरे पद नवीन आहे. वेगाच्या प्रमाणात विरोध करणे हे घर्षणाचे लक्षण आहे, आणि हे पद नेमके तसेच वागते. पदार्थ एकत्र यायला बघतो, पण अवकाशच ताणले जात असल्यामुळे त्याची गती झिजत राहते. त्यात भर म्हणजे सरासरी घनता काळाबरोबर कमी होते आणि उजवीकडची ओढही क्षीण होत जाते.

ज्या काळात विश्वात पदार्थाचे वर्चस्व होते, त्या काळासाठी हे समीकरण दाब सोडून सोडवले तर दोन उत्तरे मिळतात. एक काळाच्या व्यस्त प्रमाणात विरून जाते. दुसरे काळाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, आणि विश्वाचा आकारही त्या काळात त्याच घाताने वाढतो. थोडक्यात, विश्व दुप्पट ताणले गेले की डेल्टा दुप्पट होतो. घातांकी वाढ संपली, तिच्या जागी ही संथ वाढ आली. पुढचा सगळा विषय या एका निष्कर्षावर उभा आहे.

इतर काळांत तर एवढीही वाढ होत नाही. विश्वात प्रारणाचे वर्चस्व असताना प्रसरण इतके जलद असते की दाब नसलेल्या पदार्थाचा क्षोभ फक्त लॉगरिदमच्या चालीने सरकतो. आणि अलीकडच्या काही अब्ज वर्षांत डार्क एनर्जीने प्रसरण पुन्हा वेगवान केल्यामुळे मोठ्या रचनांची वाढ थंडावत चालली आहे.

प्रत्येक तरंगलांबीचा हिशेब वेगळा

क्षोभ लहान आहेत याचा गणिती फायदा प्रचंड आहे. डेल्टा जर लाखात एक असेल, तर डेल्टाचा वर्ग दहा अब्जांत एक. तो खुशाल सोडून द्यावा. मग उरलेली समीकरणे एकघाती होतात, आणि एकघाती समीकरणांच्या दोन उत्तरांची बेरीज हेही उत्तरच असते. फूरिये यांच्या पद्धतीने कोणताही क्षोभ वेगवेगळ्या तरंगलांबींच्या लहरींत फोडता येतो. मूळ विश्व सगळीकडे सारखे असल्यामुळे या लहरी एकमेकींत मिसळत नाहीत. प्रत्येक तरंगलांबीचे भवितव्य स्वतंत्रपणे काढायचे आणि शेवटी बेरीज करायची. अवकाश आणि काळ या दोहोंवर अवलंबून असलेले अवघड समीकरण अशा रीतीने फक्त काळावर अवलंबून असलेल्या साध्या समीकरणांत विभागले जाते.

लिफ्शिट्झ यांचा १९४६ चा शोधनिबंध

वरचे गणित न्यूटनच्या भाषेतले आहे. ज्या क्षोभांची तरंगलांबी त्या वेळी दिसू शकणाऱ्या विश्वापेक्षाही मोठी असते, त्यांना ही भाषा पुरत नाही. तिथे आइनस्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत लागतो. आणि आजच्या दीर्घिका, त्यांचे समूह, यांच्या आकाराचे सगळे क्षोभ अगदी सुरुवातीच्या काळात त्या क्षितिजापेक्षा मोठेच होते.

हे काम पहिल्यांदा पूर्णपणे केले ते सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ येवगेनी लिफ्शिट्झ यांनी, १९४६ मध्ये. लेव्ह लांदाऊ यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेली पाठ्यपुस्तके जगभरच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत आहेत. प्रसरणशील विश्वाच्या स्थिरतेवरच्या या शोधनिबंधात त्यांनी क्षोभांचे तीन वर्ग केले. अदिश क्षोभ, ज्यांत घनता कमीजास्त होते. सदिश क्षोभ, ज्यांत पदार्थ भोवऱ्यासारखा फिरतो. आणि टेन्सर क्षोभ, म्हणजे गुरुत्वीय लहरी, ज्यांना पदार्थाची गरजच नसते. एकघाती पातळीवर हे तिन्ही वर्ग एकमेकांत ढवळाढवळ करत नाहीत. फिरते क्षोभ प्रसरणाबरोबर विरून जातात, म्हणून बहुतेक हिशेबांत ते गाळले जातात. ही विभागणी आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात तशीच आहे.

त्यांचा निष्कर्ष मात्र निराशाजनक होता. वाढ फार संथ आहे, असे त्यांना आढळले. एका मोठ्या दीर्घिकेत १ वर ६८ शून्ये एवढे अणू असतात असे धरा. केवळ योगायोगाने त्यांच्या संख्येत जो कमीजास्तपणा असेल तो १ वर ३४ शून्यांत एक भाग, इतका नगण्य. विश्वाच्या आकाराच्या प्रमाणात वाढणाऱ्या क्षोभाला इथून दीर्घिका घडवणे शक्य नाही. सुरुवातीचे क्षोभ याहून फार मोठे असायला हवेत, आणि ते कुठून आले याचे उत्तर त्या वेळी कोणाकडेच नव्हते.

विचलन, पण कशापासून?

आता मुख्य अडचणीकडे येऊ. डेल्टा काढण्यासाठी एखाद्या बिंदूची घनता आणि त्याच क्षणाची सरासरी घनता यांची वजाबाकी करावी लागते. ‘त्याच क्षणाची’ हे शब्द न्यूटनच्या जगात बिनधोक आहेत. सापेक्षता सिद्धांतात ते तसे नाहीत. तिथे अवकाश-काळाचे एकाच क्षणाचे काप कसे घ्यायचे, हे आपल्या निवडीवर असते.

एकाच वेळी गाळलेले, सारख्याच गतीने निवणारे चहाचे दोन कप घ्या. एकाचे तापमान पाचव्या मिनिटाला मोजले, दुसऱ्याचे सातव्या मिनिटाला, आणि दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहिले, तर दोन कपांत फरक आहे असे दिसेल. फरक कपांत नाही, घड्याळांत आहे.

विश्वाच्या बाबतीत हेच होते, कारण त्याची घनता काळाबरोबर सतत घटते आहे. पूर्णपणे एकसारखे विश्व घ्या आणि त्याचे वेळेचे काप जाणूनबुजून थोडे लाटेसारखे घ्या. कापाचा जो भाग पुढच्या काळात शिरला तिथे घनता कमी दिसेल, जो मागे राहिला तिथे जास्त. क्षोभ नसलेल्या विश्वात क्षोभ निर्माण झाला. याच्या उलटही करता येते. क्षोभ असलेले खरेखुरे विश्व घ्या, आणि काप असे निवडा की एका कापावर सगळीकडे घनता सारखी असेल. आता डेल्टा सर्वत्र शून्य. क्षोभ नाहीसा झालेला नाही, तो त्या कापाच्या वक्रतेत जाऊन बसला आहे.

निर्देशकांच्या अशा निवडीला गेज म्हणतात. लिफ्शिट्झ यांनी घेतलेल्या गेजमध्ये मुक्तपणे पडणारा प्रत्येक निरीक्षक आपापले घड्याळ घेऊन फिरतो. ही निवड सोयीची आहे, पण तिच्यात घड्याळे सुरुवातीला कशी लावायची याचे स्वातंत्र्य शिल्लक राहते. त्या शिल्लक स्वातंत्र्यामुळे समीकरणांच्या उत्तरांत काही अशी उत्तरे येतात, जी वाढताना किंवा विरताना दिसतात पण ज्यांच्यामागे कोणताही खरा क्षोभ नसतो. लिफ्शिट्झ यांना याची जाणीव होती. नंतरच्या काही दशकांत मात्र क्षितिजापेक्षा मोठ्या क्षोभांबद्दल बराच गोंधळ माजला. एका गेजमध्ये क्षोभ वाढतो, दुसऱ्यात तो स्थिर राहतो, आणि दोन्ही लेखकांचे गणित बरोबर असते. विल्यम प्रेस आणि इथन विश्नियाक यांनी १९८० साली या गोंधळातल्या चिवट गैरसमजांवरच एक शोधनिबंध लिहिला.

क्षोभ क्षितिजापेक्षा खूप लहान असेल, तर सगळ्या समंजस निवडी एकच उत्तर देतात आणि ते न्यूटनच्या उत्तराशी जुळते. त्यामुळे दुर्बिणीतून दीर्घिका मोजणाऱ्याला ही अडचण सहसा जाणवत नाही. ती जाणवते विश्वाच्या आरंभाकडे जाताना, जिथे प्रत्येक क्षोभ क्षितिजाबाहेर असतो.

बार्डीन यांची दोन विभवे

१९८० मध्येच जेम्स बार्डीन यांनी यावर कायमचा तोडगा दिला. भौतिकशास्त्राचे नोबेल दोनदा मिळवलेल्या जॉन बार्डीन यांचे ते चिरंजीव. त्यांची कल्पना अशी: एकेक राशी गेज बदलली की बदलते, पण काही राशींचे असे जोड करता येतात की त्यांच्यातले बदल एकमेकांना नेमके कापतात. अशा जोडराशी कोणत्याही गेजमध्ये काढा, किंमत तीच येते.

मोजदाद करून पाहण्यासारखी आहे. अवकाश-काळाची भूमिती सांगणाऱ्या मेट्रिकला दहा स्वतंत्र घटक असतात. क्षोभांच्या वर्गवारीत त्यांतले चार अदिश, चार सदिश आणि दोन टेन्सर. निर्देशक चार असल्यामुळे गेजचे स्वातंत्र्यही चार राशींचे, त्यातले दोन अदिश आणि दोन सदिश. ते वजा केले की अदिश दोन, सदिश दोन, टेन्सर दोन असे सहा उरतात. गुरुत्वीय लहरींच्या वाट्याला गेजचे स्वातंत्र्य येतच नाही, म्हणून त्यांच्याबाबत कधी गोंधळ झाला नाही. घनतेच्या क्षोभांसाठी उरलेल्या दोन अदिश राशी म्हणजे बार्डीन यांची विभवे.

यातले एक घड्याळाच्या गतीशी निगडित आहे आणि लहान अंतरांवर तेच न्यूटनचे गुरुत्व विभव होते. दुसरे अवकाशाच्या वक्रतेशी निगडित आहे. पदार्थाचा दाब सर्व दिशांना सारखा असेल तर आइनस्टाइनची समीकरणे सांगतात की दोन्ही विभवे समान आहेत. दहा घटकांपासून निघालो आणि एका फलनापाशी आलो! इतक्या क्लिष्ट सिद्धांतातून एवढे साधे काही उरावे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

ही समानता प्रयोगाने तपासताही येते. दीर्घिका संथ गतीने फिरतात, त्यांना पहिले विभव जाणवते. प्रकाश मात्र दोन्ही विभवांच्या बेरजेने वाकतो. दीर्घिकांची गती आणि त्यांच्यामुळे वाकलेला प्रकाश, दोन्ही मोजून तुलना केली की आइनस्टाइनचा सिद्धांत अब्जावधी प्रकाशवर्षांच्या अंतरावर टिकतो का, हे पाहता येते. जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेलेली युरोपची युक्लिड दुर्बीण याच तऱ्हेची मोजणी करते आहे.

राय चौधुरींच्या समीकरणावरून जाणारी वाट

गेजच्या अडचणीवर आणखी एक उपाय आहे. मूळ एकसारख्या विश्वात जी राशी शून्यच असते, तिची किंमत लहान क्षोभांत गेज बदलल्याने बदलत नाही. मग डेल्टाऐवजी घनता एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत किती बदलते, हा उतारच का मोजू नये? एकसारख्या विश्वात तो शून्य असतो. काल्पनिक गुळगुळीत विश्वाशी तुलना करण्याची गरजच संपते.

स्टीफन हॉकिंग यांनी १९६६ मध्ये या दिशेने काम केले, आणि १९८९ मध्ये जॉर्ज एलिस व मार्को ब्रुनी यांनी पद्धत नीट बांधली. तिच्या मुळाशी अमलकुमार राय चौधुरी यांचे समीकरण आहे. कोलकात्यात काम करताना त्यांनी ते १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. एकत्र पडणाऱ्या कणांचा पुंजका कोणत्या दराने पसरतो किंवा आकुंचन पावतो, हे ते सांगते. त्या दराचा जागेनुसार उतार काढला, की क्षोभांच्या वाढीचे समीकरण हाती येते.

क्षितिजाबाहेर न बदलणारी राशी

गेजचा प्रश्न सुटल्यामुळे एक मोठे फळ हाती आले. अॅलन गुथ यांनी १९८१ मध्ये मांडले की विश्व अगदी आरंभी क्षणार्धात प्रचंड फुगले असावे. त्याच वर्षी मॉस्कोत व्याचेस्लाव मुखानोव आणि गेनादी चिबिसोव यांनी दाखवले की अशा काळात पुंजभौतिकीतली अटळ थरथर ताणली जाऊन दीर्घिकांच्या आकाराची होऊ शकते. १९८२ च्या उन्हाळ्यात केंब्रिजमध्ये भरलेल्या एका कार्यशाळेत हॉकिंग, स्टारोबिन्स्की, गुथ, बार्डीन आदींनी हाच हिशेब वेगवेगळ्या मार्गांनी केला. सुरुवातीला उत्तरे जुळेनात, शेवटी ती जुळली.

पण फुगवटा संपल्यावर विश्व पुन्हा तापले कसे, त्या वेळी कोणते कण होते, हे आपल्याला दिसत नाही. मग आरंभीचा क्षोभ आणि ३ लाख ८० हजार वर्षांनंतरचे तापमान यांची सांगड कशी घालायची? उत्तर असे की सारख्या घनतेच्या कापांची वक्रता ही राशी, क्षोभ क्षितिजाबाहेर असेपर्यंत, बदलत नाही. अट एकच: दाब फक्त घनतेवरून ठरत असावा. मधल्या काळात काय घडले याने तिला फरक पडत नाही. क्षोभ क्षितिजाबाहेर जाताना तिची जी किंमत होती, तीच तो परत आत येताना असते. मधला अज्ञात टप्पा गणित चक्क ओलांडून जाते. बार्डीन, पॉल स्टाइनहार्ट आणि मायकेल टर्नर यांच्या १९८३ च्या शोधनिबंधात या राशीचा असाच उपयोग केला आहे.

हिशेबातून असेही निघते की लहानमोठ्या सर्व तरंगलांबींवर क्षोभांची ताकद जवळपास सारखी असेल, अगदी सारखी मात्र नसेल. हे जवळपास सारखेपण ज्या घातांकाने मोजतात तो १ असेल तर ताकद नेमकी सारखी. प्लँक उपग्रहाने मोजलेली किंमत ०.९६५ आहे, आणि मोजणीतली संभाव्य चूक ०.००४ च्या आसपास. टेन्सर क्षोभ मात्र अजून हाती लागलेले नाहीत. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-केक दुर्बिणींनी २०२१ मध्ये त्यांच्यावर मर्यादा घातली: त्यांची ताकद घनतेच्या क्षोभांच्या ०.०३६ पटीहून कमी.

विश्वातला ध्वनी

क्षोभ क्षितिजाच्या आत आला, की पुन्हा जीन्स यांची रस्सीखेच सुरू होते. पहिल्या ३ लाख ८० हजार वर्षांत इलेक्ट्रॉन मोकळे होते, आणि प्रकाश त्यांच्यावर सतत आपटत असल्यामुळे प्रकाश आणि साधा पदार्थ मिळून एकच द्रव झाला होता. त्यातला ध्वनीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त. दाब एवढा प्रबळ असताना पदार्थ कोसळू शकत नाही, तो आत-बाहेर हेलकावे घेतो. हे खरोखरचे ध्वनितरंग होते. आंद्रेई साखारोव यांनी १९६५ मध्ये अशा दोलनांचा विचार केला होता. १९७० मध्ये अमेरिकेत जेम्स पीबल्स आणि जेर यू यांनी, तर मॉस्कोत राशीद सुन्याएव आणि याकोव झेल्दोविच यांनी स्वतंत्रपणे त्यांचा परिणाम काढला.

विश्व निवले, अणू तयार झाले, प्रकाश सुटला. त्या क्षणी प्रत्येक तरंगलांबीचे दोलन ज्या अवस्थेत होते, ती अवस्था तापमानाच्या नकाशात गोठली. ज्या लहरी नेमक्या कमाल दाबात किंवा कमाल विरळ अवस्थेत होत्या, त्यांच्या मापाचे ठिपके सगळ्यात ठळक. पहिले शिखर आकाशात साधारण एका अंशाच्या कोनावर येते. ध्वनीने तोवर कापलेले अंतर आजच्या मापात सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षे भरते. दीर्घिकांच्या जोड्यांतही याच्याशी जुळणाऱ्या अंतराला थोडी पसंती दिसावी, अशी अपेक्षा होती. २००५ मध्ये स्लोन सर्वेक्षणातल्या दीर्घिकांच्या वितरणात ती सापडली.

कृष्णद्रव्याशिवाय हिशेब बसत नाही

इथे तो ‘दुप्पटीला दुप्पट’ नियम आपली खरी ताकद दाखवतो. प्रकाश सुटल्यापासून आजपर्यंत विश्व सुमारे ११०० पट ताणले गेले. म्हणून त्या वेळचा क्षोभ तेव्हापासून फार तर ११०० पट वाढला. साध्या पदार्थाचा तेव्हाचा क्षोभ तापमानातल्या फरकाच्या थोड्या पटीत, म्हणजे लाखात काही भाग. त्याला ११०० ने गुणले तर काही टक्के येतात. दीर्घिका घडण्यासाठी डेल्टा किमान १ च्या घरात जायला हवा. साध्या पदार्थावर भिस्त ठेवली तर आज एकही दीर्घिका नसायला हवी होती.

प्रकाशाशी संबंध न ठेवणारा पदार्थ असेल तर मात्र हिशेब जमतो. त्याला दाब अडवत नाही. साधा पदार्थ हेलकावे घेत असताना कृष्णद्रव्य आपले खड्डे खोल करत राहिले, विशेषतः विश्व सुमारे ५० हजार वर्षांचे झाल्यावर, जेव्हा पदार्थाने प्रारणावर मात केली. प्रकाश सुटताच साधा पदार्थ दाबातून मोकळा झाला आणि या तयार खड्ड्यांत उतरला. दीर्घिकांच्या फिरण्यातून कृष्णद्रव्याचा जो पुरावा मिळतो तो सर्वांना माहीत असतो. मला हा पुरावा त्याहून भक्कम वाटतो, कारण तो एका गुणाकारात मांडता येतो.

संगणकावरचे हिशेब

प्रत्यक्ष तुलनेसाठी प्रकाश, न्यूट्रिनो, साधा पदार्थ, कृष्णद्रव्य आणि दोन विभवे यांची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. प्रकाशाला एक घनता देऊन भागत नाही, तो कोणत्या दिशेने किती जातो याचाही हिशेब लागतो, आणि एका तरंगलांबीमागे हजारो समीकरणे होतात. उरोश सेल्याक आणि मातियास साल्दारियागा यांनी १९९६ मध्ये प्रकाशाचा मार्ग आपल्यापासून मागे शोधत जाण्याची युक्ती काढली. त्यांच्या सीएमबीफास्ट या प्रोग्रॅममुळे हे काम कित्येक पटींनी झपाट्याने होऊ लागले. आज कॅम्ब आणि क्लास हे प्रोग्रॅम मोफत मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात आणि पदव्युत्तर विद्यार्थी ते स्वतः चालवून पाहू शकतात. ज्याला विषयात शिरायचे आहे त्याने कृष्णद्रव्याचे प्रमाण बदलून शिखरे कशी हलतात ते जरूर पाहावे.

डेल्टा लहान राहत नाही तेव्हा

डेल्टा १ च्या जवळ गेला की त्याचा वर्ग सोडून देता येत नाही. तरंगलांबी एकमेकींत मिसळू लागतात आणि एकघाती गणित हतबल होते. आजच्या विश्वात सुमारे ३.९ कोटी प्रकाशवर्षे त्रिज्येचे गोल घेतले, तर एकघाती हिशेबाने त्यांच्या घनतेतले नमुनेदार विचलन ०.८ च्या आसपास येते. म्हणजे याहून बऱ्याच मोठ्या अंतरांवर ही पद्धत विश्वासाची, लहान अंतरांवर नाही.

त्या सीमेपलीकडे थोडे पुढे जाण्याचा एक मार्ग झेल्दोविच यांनी १९७० मध्येच दाखवला होता. घनतेऐवजी कणांचे विस्थापन धरायचे आणि प्रत्येक कण आपल्या आरंभीच्या दिशेने सरकत राहतो असे मानायचे. पदार्थ आधी एका दिशेने चपटा होऊन पत्र्यासारखा जमतो, हे त्यातून लगेच दिसते. अशा उपायांचा विस्तृत आढावा पुण्याच्या आयुका संस्थेतले वरुण साहनी आणि पीटर कोल्स यांनी १९९५ मध्ये घेतला. त्याआधी, १९९३ मध्ये, थाणू पद्मनाभन यांचे विश्वातल्या रचनांच्या निर्मितीवरचे पाठ्यपुस्तक केंब्रिजने प्रसिद्ध केले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून ते आयुकात आले आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत पुण्यातच राहिले. एकघाती वाढीपासून दीर्घिकांपर्यंतची साखळी एकाच हाताने लिहिलेली पाहायची असेल, तर हे पुस्तक उघडावे.

त्याही पुढे अब्जावधी कणांची संगणकीय प्रतिरूपे लागतात. ती सुरू करताना कण कुठे ठेवायचे आणि त्यांना किती वेग द्यायचा, हे सहसा विश्व आजच्या पन्नासाव्या ते शंभराव्या हिश्शाएवढे असतानाच्या काळासाठी ठरवतात. डेल्टा तेव्हा पुरेसा लहान होता, आणि आरंभीचे ते आकडे एकघाती समीकरणांतून आणि झेल्दोविच यांच्या विस्थापनांतूनच काढले जातात.